आमच्या पाणवठ्याचं पाणी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी माझ्याच गावचा तलाव निवडला. नगरच्या कॉलेजातून पीएच मीटर सही करून आणलं आणि चार महिने दोन्ही पाणवठ्यांवरून बाटल्या भरल्या. गावाचा पाणवठा वेशीजवळ. घोडेगावच्या बाजाराला न्यायचे बैल लोक तिथंच धुवायचे. आम्हा बौद्धांचा लांब, बाभळींपलीकडे. तिकडे आमच्याशिवाय कुणी फिरकत नसे.

कॉलेजच्या लॅबमधल्या चाचणीत गावाच्या पाण्यात जंतू निघाले, आमचं स्वच्छ निघालं. मी मूर्ख, मोठ्या तोऱ्यात ते ग्रामसभेत वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. उघडलेच. सरपंच म्हणाले, "पोरीनं लई चांगलं काम केलं." महिन्याभरात गावच्या बाया बाभळींपलीकडे पाणी भरू लागल्या आणि आमच्या वस्तीत निरोप आला, "तुमी आता वेशीजवळ भरा."

त्या दिवशी आई बैलांच्या पाणवठ्यावरून हंडा घेऊन आली. फडकं दुहेरी करून तिनं पाणी दोनदा गाळलं. गाळून जंतू जात नाहीत, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.