अत्तराचा फाया

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, ते मुलगी बघायला निघालो होतो त्या सकाळपासून.

काय सकाळ होती ती. स्वातंत्र्य मिळून आठेक वर्षं झाली होती, घराण्यातला मी पहिला बी.ए.; देवगडहून वेंगुर्ल्याला निघालो तर अर्धी वाडी निरोपाला आली. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं — ते उपकार फिटायचे नाहीत. पण त्यांच्याकडून आणखीही एक आलं होतं. आजोबांचा कान वाहायचा, वडिलांचा वाहायचा, माझाही वाहतो. निघताना वडिलांनीच कापसाचे फाये अत्तरात भिजवले. "दोनूय कानांत घाल रे. कोणाक वास येवचो नाय." समारंभाला कानात फाया कोण ठेवत नाही? कुणाला काय कळणार?

मुलीचा मामा म्हणाला, "बी.ए. झाल्यार अत्तर लावूकच लागता काय रे?" सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. दाराआड सुमतीही हसली. किती आवडली मला ती — आणि म्हणूनच कानाचं बोललो नाही. नको म्हणाली असती तर?

लग्न झालं, मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना तिचा कान वाहू लागला. शेजारची काकी सुमतीला म्हणाली, "न्हाणताना पाणी गेला कानात. लक्ष खंय होता गो तुजा?" सुमतीने ते खरं मानलं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यावर पाणी घालताना ती तिचा कान तळव्याने घट्ट दाबून धरी.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचा कान वाहतो का? हे पुष्कळदा घराण्यातून येतं." याहून नेमकी वेळ कुठली असते? माझ्या कानात तेव्हाही फाया होता. मी म्हणालो — नाही. सुमती मान खाली घालून म्हणाली, "माझ्याच हातून पाणी गेलं, डॉक्टर." तेही मी ऐकून घेतलं.

मुलीला आता त्या कानाने ऐकू येत नाही.

जुने फाये मी विहिरीमागे पुरतो. सुमतीला वाटतं, मला अत्तराची हौस आहे. दर जत्रेतून ती माझ्यासाठी एक कुपी आणते. परवाही आणली. मी फाया भिजवला, कानात घातला, आणि तिला म्हणालो, वास छान आहे.