पाय कुणाचा मोडला?

ती केस मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. तेव्हा मी रायपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात देवळातून घरी निघालेल्या एका बाईंना मोटारीने मागून उडवलं आणि गाडी पळाली. बाई रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, आमच्याच विदर्भाकडच्या. पाय चांगलाच मोडला होता. चौकातला कॅमेरा अर्थातच बंद होता. हवा तेव्हा तो नेहमी बंदच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक महाराज ठाण्यात हजर झाले, मागोमाग एका भक्ताने गाडी आणून लावली. तेही आमच्याच भागातले, पूर्वी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आता अद्वैत आणि अणुविज्ञानाची सांगड घालून प्रवचनं देत. जखमी बाईही त्यांच्याच शिष्या. म्हणाले, "गाडी मीच चालवत होतो. अटक करा."

लगेच वरून फोन आला. आरोपीला गुन्हा कबूल आहे, घोळ घालू नका, आरोपपत्र टाका. पण गुन्हा कबूल करायला इतक्या प्रसन्न चेहऱ्याने आलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, एवढं सांगून मी फोन ठेवला. दुपारी एक निनावी फोन आला, बहुधा कुणा भक्ताचाच, "साहब, महाराज को गाड़ी चलानी आती ही नहीं."

मी महाराजांना ठाण्याच्या अंगणात नेलं आणि किल्ली हातात दिली. "जरा पुढं घ्या." गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. हवालदारांनी हसू लपवायला तोंडं फिरवली.

"कोण चालवत होतं?"

"एक शिष्य. त्याले नवीन नोकरी लागली आहे, ती जाईन. पण साहेब, तो आन् मी वेगळे काहून मानता? विज्ञानही तेच सांगून राहिलं. कणाकणात एकच ऊर्जा. करणारा वेगळा नाहीच."

माझं डोकं तापलं. "मग त्या बाईही तुम्हीच ना? आरोपी व्हाले धावत आले, फिर्यादी व्हाले काहून नाही आले? अजून त्यायले पाहालेही गेले नाही तुम्ही!"

तसंच महाराजांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "महाराज, मी तुमच्या प्रवचनाले पहिल्या ओळीत बसते. सगळं एकच आहे, मान्य. पण रातभर मी कण्हत होती, तवा तुमाले दुखलं का? ज्यानं उडवलं त्याले आणा. मले त्याचं तोंड पाहू द्या."

बाहेर येऊन महाराजांनी स्वतःच शिष्याला फोन लावला. संध्याकाळी तो हजर झाला, आधी बाईंसमोर आणि मग ठाण्यात. पुढे कोर्टात शिक्षा झाली. वरचे माझ्यावर नाराज झाले. त्यांची नाराजी त्यांना लखलाभ.

ठाणेदाराने साधूला छळलं, असं लोक अजूनही बोलतात. खुशाल बोलोत. मारणाऱ्याला आपला म्हणण्यात मोठेपणा मिरवता येतो. मार खाल्लेल्याला आपलं म्हणायचं तर त्याच्या खाटेपाशी जाऊन बसावं लागतं. मी या केसमधून एवढंच शिकलो.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम महाराजांच्या प्रवचनाला गेलो. बाई पहिल्याच ओळीत होत्या, शेजारी काठी. "या जगात दुसरा कोणीच नाही," महाराज म्हणाले, तशी बाईंनी काठी फरशीवर ठक्कन आपटली. महाराज थांबले. "पाय कसा आहे, ताई?" त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं आणि मगच पुढे बोलले.