पेठकर, नंबर एकतीस

वसुधा पेठकर पुण्यात रोलर हॉकी खेळायची, गोलकीपर म्हणून. २००८ साली ती एमएससीसाठी आयर्लंडला आली, मिडलंड्समधल्या, म्हणजे देशाच्या मध्यभागातल्या, एका छोट्या कॉलेजात. तिथे आइस हॉकीचा संघ आहे, हे तिला ध्रुवने सांगितलं. ध्रुव तिच्याच पुण्याच्या क्लबमधला, वर्षभर आधी आलेला.

"गोलकीपरच नाहीये आमच्याकडे. तू ये, बाकीचं शिकशील."

ती शिकली. पहिले दोन महिने गुडघे काळेनिळे होते. संघ मुलामुलींचा मिळून. दर रविवारी अडीच तास बसमधून उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळच्या बर्फाच्या रिंकवर जायचं. ध्रुव शेजारी बसायचा, तिच्या डब्यातला पोळीचा रोल हक्काने खायचा.

२००९ च्या फेब्रुवारीत लिमरिकच्या एका संघाशी मॅच झाली. शेवटच्या मिनिटांत संघाचे दोन खेळाडू शिक्षा होऊन बाहेर, समोरचे सारखे अंगावर येतायत, आणि वसुधा एकामागून एक फटके अडवतेय. एकूण एकोणचाळीस अडवले. मॅच २-१ अशी जिंकली. कोच डेक्लनची कौतुकाची मजल 'ग्रँड'पर्यंतच, म्हणजे आपल्या 'ठीक'पर्यंतच, जायची. त्या दिवशी तो दोनदा ग्रँड म्हणाला.

पुढच्या वर्षी संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला. रिंक त्या उन्हाळ्यात कायमचं बंद होणार होतं, त्यामुळे संधी ही एकच. आदल्या दिवशी ध्रुवने सांगितलं, "बस नऊला."

पावणेनऊला ती पार्किंगमध्ये पोचली तर तिथे कोणीच नव्हतं. केअरटेकर म्हणाला, "आठलाच गेली की बस!"

ध्रुव फोन उचलेना. आपणच चुकीचं ऐकलं असं समजून ती वाटभर स्वतःला दोष देत राहिली. डब्लिनला बस बदलून पोचली तेव्हा शेवटचा टप्पा सुरू होता. आणि गोलमध्ये कोणीतरी होतं. अंगात संघाच्या सामानातली तिची जादाची जर्सी. पाठीवर पेठकर, खाली एकतीस.

नियम असा, की नाव नोंदवलेले विद्यार्थीच खेळणार. हा तर बेलफास्टहून आणलेला कसलेला गडी होता. पण तोंडावर मास्क, अंगभर पॅड, बघतंय कोण? संघ ३-० ने जिंकला. लाउडस्पीकरवर सामनावीर जाहीर झाला: व्ही. पेठकर. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते आणि ती काचेला हात लावून उभी होती.

बसपाशी तिने ध्रुवला गाठलं.

"डेक्लनचा निर्णय होता," तो म्हणाला.

"मला नऊ कोणी सांगितलं?"

तो बॅगेची चेन लावत राहिला. "तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

ती त्या बसमध्ये चढली नाही. संघही सोडला. पण तक्रार केली नाही. वीसेक पोरांचा कप जाईल, असं तिला वाटलं.

२०१३ साली ती लिमरिकला नोकरी करत असताना कॉलेजचं बोलावणं आलं. क्लबच्या वेबसाइटवर 'अविस्मरणीय सामने' असं पान केलं होतं, लिहिणारा ध्रुव. सगळ्यात वर २०१० ची फायनल. 'आमची वसुधा भिंतीसारखी उभी राहिली.' तिचा सत्कार ठरला होता. तिने ध्रुवला फोन लावला.

"अगं, नाव तुझंच दिलंय ना? मग?"

"लिमरिकची मॅच का नाही त्यात?"

"कुठली लिमरिकची?"

त्याला खरोखरच आठवत नव्हती. तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तिने कॉलेजला चार ओळी लिहिल्या: त्या दिवशी गोलमध्ये मी नव्हते. चौकशी झाली, निकाल रद्द झाला, ते पानही काढून टाकलं. जुने सोबती एकेक करून बोलायचे थांबले. डेक्लनचा तेवढा मेसेज आला, "तीन वर्षं गप्प होतीस ना?"

सप्टेंबरात डब्लिनच्या गणेशोत्सवात मंडळाच्या शुभदाकाकूंनी हौसेने ध्रुवला तिच्यासमोर आणून उभं केलं. "तुम्ही दोघं पुण्याचे ना? ओळख आहे का?"

"एका क्लबमध्ये होतो," वसुधा म्हणाली, आणि प्रसादाच्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली.