आतून न उघडणारं दार

हिरामण म्हात्रे, आम्हा सगळ्यांचे दादा, मूळचे पेणजवळच्या जोह्याचे. पेणच्या एसटी स्टँडमागे त्यांचं वायरिंगचं दुकान, आणि त्याला लागून माझं सायकलचं. बेल, पंखे, मीटरची पेटी अशी त्यांची नेहमीची कामं. सत्त्याण्णव साली त्यांनी मुंबईहून नंबरी लॉक आणायला सुरुवात केली तेव्हा आम्ही हसलो होतो. चावी नाही, बटणं दाबायची म्हणे! पण रोह्याच्या कंपन्यांतल्या साहेबलोकांना ते आवडलं. वर्षभरात दादांनी तिथं सहा बंगल्यांना ती लॉकं बसवली.

सहावा बंगला प्रविण सुर्वे नावाच्या इंजिनियरचा, वसाहतीच्या अगदी टोकाला. त्यांची मागणी जरा वेगळी होती. बटणं बाहेरून हवीत तशीच आतूनही हवीत, आणि आतली कडी काढून टाकायची.

"आतून कशाला, साहेब?" दादांनी विचारलं.

"पोरगं चार वर्षांचं आहे. दार उघडून रस्त्यावर पळतं."

कारण पटण्यासारखं होतं. दादांनी कडी काढली, भोकं लांबी भरून बुजवली, वरून पॉलिश मारलं. काम सुबक झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन ते पेणला आले.

तीन आठवड्यांनी सुर्व्यांचा फोन आला. बॅटरी लवकर उतरते, रविवारी येऊन बघा. दादांना गुरुवारीच रोह्यात दुसरं काम निघालं, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास ते परस्पर बंगल्यावर गेले. बेल वाजवली. दार उघडलं नाही, पण आतून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता. ते खिडकीशी गेले. गजांपलीकडे सुर्व्यांची बायको दिपिका उभी होती. कडेवर साहिल, आणि त्याचा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"वहिनी, मी लॉकवाला हिरामण, पेणवरना आलोय. दार उघडा."

"मला नाय उघडता येत, भाऊ. नंबर त्यांनाच ठाऊक हाय."

दादांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मंग तुम्ही भायेर कशा जाता?"

"ते आले की. फर्स्ट शिफ्ट असली की चार वाजता."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कुणी दूधवाल्याची वेळ सांगावी. मग तिनं फडकं बाजूला केलं. गरम चहाचं भांडं हातावर उलटलं होतं, आठ वाजता. कोपरापर्यंत कातडी सुटली होती. मागच्या दाराला कुलूप होतं. फोनच्या डायललाही छोटं कुलूप होतं. तीन तास ती हाका मारत होती. त्या टोकाला ऐकणारं कोण?

"ती कडी मीच काढली होती ना," दादा मला नंतर म्हणाले. "या हातांनी."

त्या लॉकला एक वरचा नंबर असायचा. मालकानं आपला नंबर कितीही बदलला तरी त्या नंबरानं दार उघडे. कारखान्यातून येतानाच तो आत बसवलेला असे, आणि तो दादांना पाठ होता. दुरुस्तीपुरता. मालक हजर नसताना तो दाबायचा नाही, ही त्यांची स्वतःशी बोली होती. बटणांवर बोट ठेवल्यावर क्षणभर त्यांचा हात अडला. पोर पुन्हा कळवळलं, आणि त्यांनी नंबर दाबला.

चार घरं सोडून राहणाऱ्या गिरजाबाई नावाच्या शेजारणीला ते जाऊन घेऊन आले. रिक्षा करून दोघींना पोरासकट दवाखान्यात धाडलं, कंपनीच्या गेटवर निरोप पाठवला, आणि घर उघडं टाकून जाणं बरं नव्हे म्हणून ते पायरीवर बसून राहिले.

सुर्वे तासाभरात आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दार कोणी उघडलं?"

"मी. साहेब, पोराचा हात..."

"तुला माझा नंबर कसा कळला?"

दादांनी वरच्या नंबराचं सांगितलं. सुर्व्यांचा चढलेला आवाज एकदम खाली आला. "म्हणजे तू माझ्या घरात केव्हाही येऊ शकतोस?"

बायकोला कोंडणाऱ्या माणसाचा दादांना संताप येत होता, पण हा प्रश्न खरा होता. सहा घरांची दारं आपल्या डोक्यात आहेत, आणि त्या घरांना त्याचा पत्ताही नाही, हे त्यांना तिथं पायरीवर उमगलं.

दिपिका दवाखान्यातून परत आलीच नाही. गिरजाबाईंनी तिला कोलाडला माहेरी नेऊन सोडलं. साहिलचा हात दोन महिन्यांनी बरा झाला. सुर्वे तिला न्यायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी सांगितलं, आधी दाराला आतून कडी बसवा, मग या. ते पुन्हा गेले नाहीत. दिपिका तिथंच बालवाडीत कामाला लागली.

पोर भाजलं त्याच आठवड्यात दादांनी उरलेली पाचही घरं गाठली. प्रत्येकाला वरचा नंबर सांगितला, तो मालकाच्या हातानं बदलून घेतला, आणि बदलताना स्वतः अंगणात पाठ फिरवून उभे राहिले. आतली कडी नुसत्या हातानं उघडते का, हेही प्रत्येक दाराशी पाहून घेतलं. चौघांनी आभार मानले. पाचवे काळुराम नावाचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी चहा दिला, आणि शांतपणे विचारलं, "हिरामण, हे बसवताना का नाय सांगितलंस?"

"मास्तर," दादा म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतं. आणि माझ्या मनातसुद्धा आलं नाय."

दादांच्या हातातला चहा तसाच गार झाला.