डब्याला हात लावणार नाही

सोफेवाल्याच्या गुडघ्याशी रंगाचा एक जुना डबा कायम असायचा. त्यात काय असायचं ते जेवताना आठवू नये. माणूस तंबाखूचा, आणि काम असं की सोफ्याला कापड ठोकताना बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेनं एकेक पुढे आणायचा आणि हातोडीखाली द्यायचा. तंबाखू आणि खिळे एका तोंडात नांदत नाहीत. म्हणून ठोकायला बसलं की आधी डब्यात पिंक, ठोकून झालं की नवा बार, की पुन्हा पिंक. हाताला कला होती हो त्याच्या, नाही कशाला म्हणायचं? पण तोंड म्हणजे उकिरडा.

आणि डबा धुवायची त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं डबा हातात दिला, तो हातातच राहिला. ती त्याच दुकानात मशीनवर बसून खोळी शिवायची. संध्याकाळी मशीन झाकायचं, डबा उचलायचा, मोरीत रिकामा करायचा, काठीला चिंधी गुंडाळून आतून फिरवायची. तळाशी चिकट, तपकिरी साय धरलेली असायची, ती शेवटी बोटांनीच सुटायची. तोंड फिरवून, श्वास कोंडून ती हे करत आली. नवऱ्याला कधी ‘अहो, किळस येते’ म्हणाली नाही. म्हणायची सोयच नव्हती. नणंद वरच्याच मजल्यावर राहायची, तिचं ठरलेलं होतं, “नवऱ्याचं केल्यानं कुणाचे हात झिजत नाहीत, वहिनी.”

मग एकदा लेक माहेरी आली, कडेवर तान्ही नात घेऊन. आजीनं हौसेनं मऊ भात कालवून बोटभर घास तिच्या तोंडाशी नेला. पोरीनं नाक मुरडलं, तोंड फिरवलं. लेकीनं फक्त ताटली आपल्याकडे ओढली आणि पदरानं पोरीचे ओठ पुसले. आजीला शब्दाचा राग आला नसता, या पुसण्याचा आला. तिनं आत जाऊन हात हुंगले. साबण लावून पुन्हा हुंगले. तंबाखू खायचा त्यानं, आणि वास मारायचा हिचा हात! तिला स्वतःचीच शिसारी आली. नवऱ्यापेक्षाही जास्त स्वतःची, की इतकी वर्षं आपण गपगुमान धूत बसलो.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसण्याआधी तिनं सांगून टाकलं, “आजपासून मी डब्याला हात लावणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पिंक टाकली. ऐकलं कुणी होतं?

डबा भरत गेला. संध्याकाळी ती मशीन झाकून सरळ निघून जायची, पण पाय दारात अडखळायचे. इतक्या वर्षांची सवय, ती काय अशी सुटते? त्याला डबा दिसतच नव्हता. न सांगता रिकामी होणारी वस्तू भरत चालली आहे, हे ध्यानात यायला डोकं लागतं, आणि त्याचं डोकं कापडात. दुकानात आंबूस दर्प सुटला. माशा घोंघावू लागल्या. नणंद नाकाला पदर लावून आली आणि म्हणाली, “हट्ट कशाला करावा म्हणते मी? दोन मिनिटांचं तर काम.”

“मग तुम्ही करा ना, वन्सं,” ती म्हणाली. वन्सं तरातरा जिना चढून गेल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. एका बड्या गिऱ्हाइकाचा सोफा होता, साईच्या रंगाचं कापड. हिनं आठवडाभर खपून शिवलेल्या खोळी जमिनीवर चादर टाकून रचल्या होत्या. तो तोंडात खिळे धरून एक पाऊल मागे सरला आणि डबा लवंडला. तो काळा, दाट चिखल हळूहळू खोळींकडे निघाला. तोंडात खिळे, त्यामुळे त्याला ओरडताही येईना. नुसतं “ऊं, ऊं” करत बायकोला हात दाखवत राहिला. ती झटकन उठली, तोही निश्चिंत झाला. तिनं खोळी उचलल्या, मशीनवर ठेवल्या आणि परत खुर्चीत बसली.

त्यानं खिळे ओंजळीत थुंकले. “अगं, पूस की!”

“फडकं दाराआड आहे.”

तिच्या चेहऱ्याकडे बघून तो फडकं घेऊन आला आणि गुडघ्यांवर टेकला. आपलीच पिंक त्यानं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. फडक्याला तार सुटली तशी त्याला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. “मला मळमळतंय गं,” तो लहान पोरासारखा म्हणाला.

“मग बाहेर जाऊन ओका. तेही मी पुसणार नाही.”

तो बाहेर गेला, ओकून आला आणि पुन्हा खाली बसून उरलेलं पुसू लागला. तिला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला सांगायचं? पण हात मात्र तिनं मशीनखाली मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, कारण ते अजूनही फडक्याकडे जाऊ बघत होते.