पहिला स्टॉप वस्ती

माणूस गेला की त्याचे किस्से निघतात. आमच्या गायकवाड साहेबांचे मात्र ते नोकरीत असतानाच इतके साठले होते, की कँटीनमध्ये एकीनं सुरू केलं की बाकीच्यांचे चहा गार व्हायचे. परवा शोकसभेत जो उठला तो म्हणाला, "साहेब फार शांत, फार नम्र." मला बसवेना. शांत? अहो, अख्खी मॅनेजमेंट त्यांच्या शांतपणाला टरकून असायची! तेव्हा आता मी, पॅकिंगची मंदा, काय ते खरं सांगते.

*

कंपनी शिरूरच्या बाजूला, आमचं गाव नदीपलीकडं, दौंड तालुक्यात, राहूच्या जवळ. कंपनीनं पहिल्यांदाच बायका घ्यायचं ठरवलं आणि मी इंटरव्ह्यूला गेले. टेबलामागं तीन साहेब. प्रॉडक्शनच्या साहेबानं विचारलं, गावात कुठल्या आळीला राहता? कशासाठी विचारतोय ते न कळायला मी काय दूधखुळी होते? ताठ मानेनं सांगितलं, बौद्धवस्तीत. त्यानं "अच्छा" म्हणून पेनाला टोपण लावलं.

गायकवाड साहेब एचआरचे मॅनेजर. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "टोपण काढा. मार्क द्यायचे राहिलेत."

मग मला एकच प्रश्न. "घरी कोण नको म्हणतंय?" प्रत्येकीला ते हेच विचारायचे. मी म्हणाले, सासू. ते म्हणाले, रविवारी येतो.

*

साहेब स्वतः केंदूरच्या वस्तीतले. रविवारी सकाळी यवतच्या समाजमंदिरात पोरापोरींना इंटरव्ह्यू कसा द्यायचा ते शिकवायचे. फी विचारली तर म्हणायचे, नोकरी लागली की आणखी एकीला घेऊन ये. आणि दुपारी स्कूटर काढून गावोगावच्या सासवांना भेटायला!

आमच्या आत्याबाईंनी चहा दिला आणि तोफ डागली. सून कामाला गेली तर घर कुणी बघायचं? साहेब हसत म्हणाले, "मग तुम्ही या कामाला. सून घर बघंल."

आत्याबाईंनी पदर सारखा केला, नीट मांडी घातली आणि विचारलं, "वयाची अट काय हाय?"

अट आडवी आली म्हणून मला पाठवलं. नाहीतर आजही त्याच गेल्या असत्या, आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाल्या असत्या.

*

नोकरी लागली, पण पोचायचं कसं? कंपनीची बस गावात यायची ती चौकात, आप्पांच्या ओट्यासमोर. आप्पा म्हणजे गावचं राजकारण. त्यांची माणसं बसायची, गाडी तिथंच भरायची आणि मग रस्त्याकडेच्या आमच्या वस्तीवरून भुर्रकन जायची. ड्रायव्हर बाबूमामा खिडकीतून हात हलवायचा, फुल्ल! चौकात जाऊन उभं राहिलं तर तिथले म्हणायचे, मागं व्हा, आधी गावातले. मग आम्ही मिळेल त्या ट्रॅक्टरवर. कंपनीत तीन लेट झाले की घरी बसवायचे. माझे दोन झाले होते. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन रडले. दुःखानं नाही हो, संतापानं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर वस्तीच्या फाट्यावर साहेब उभे. पायात चप्पल, हातात डबा. बस आली, साहेबांनी हात केला. झुंजूमुंजू झालेलं, बाबूमामानं ओळखलं नाही. त्यानं नेहमीसारखा हात हलवला, फुल्ल, आणि एचआर मॅनेजरला सोडून गाडी गेली!

साहेब आमच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून आले. गेटवर टाइम ऑफिसवाला चाचरत म्हणाला, सर, तुम्ही जा आत. साहेब म्हणाले, "ह्यांचा लेट लागणार असंल तर आधी माझा लाव."

त्या दिवशी कुणाचाच लागला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी रिकामी आमच्याकडं यायची, वळायची, मग चौकात.

*

आप्पा जीप भरून माणसं घेऊन ऑफिसात. आमच्या लेकीसुना उभ्यानं जायच्या आणि वस्तीवरच्या बसून, ही कुठली पद्धत? साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "आप्पा, वस्तीवर या की. पहिला स्टॉप हाय, जागा हाय."

आप्पा चहा न पिता उठले. संध्याकाळी वरून फोन आला, स्टॉप पूर्वीसारखा करा. साहेब म्हणाले, करतो. फक्त का करायचा ते कारण कागदावर द्या, खाली सही करा. तो कागद काही आला नाही. कुठल्या तोंडानं येणार?

*

पुढं एका सकाळी आमच्या फाट्यावर आप्पांची सून येऊन उभी. सुनीता, आमच्याच पॅकिंगला होती. डोईवर पदर, नजर खाली. मी म्हणाले, वाट चुकलात का? ती म्हणाली, "खिडकी न्हाई मिळाली तर मला वकाऱ्या येत्यात."

आठवड्याभरात तिच्यामागून आणखी चौघी आल्या. सगळ्यांनाच एकदम गाडी लागायला लागली.

*

आणि हा किस्सा साहेब नसतानाचा, तरी त्यांचाच धरा. साहेब रिटायर झाले. नवा मॅनेजर आला आणि पहिल्याच महिन्यात आप्पांच्या ओट्यावर सत्कार घेऊन गेला. सोमवारपासून गाडी पुन्हा चौकातून सुटणार. पुन्हा तेच फुल्ल, तेच लेट, तोच ट्रॅक्टर.

सोमवारी आम्ही फाट्यावरच थांबलो. लेट लागू दे, नोकरी जाऊ दे, चौकात जायचं नाही. तेवढ्यात गावाकडून सुनीता आली, तिच्यामागं त्या चौघी, त्यांच्यामागं निम्मं गाव. तिकडं चौकात बाबूमामा हॉर्न वाजवतोय आणि गाडीत माणूस नाही!

शेवटी आप्पा स्वतः चालत आले. जन्मात पहिल्यांदा आमच्या वस्तीवर. सुनेला म्हणाले, "चल. गाडी आपल्या दारात उभी हाय."

सुनीतानं पदर सावरला. पाय हलवला नाही. "मामंजी, माझी जागा हितं हाय."

मागून बस आली. बाबूमामानं ती वळवून आमच्यापुढं लावली, दार उघडलं. आम्ही चढलो, सुनीता खिडकीला बसली. आप्पा अजून तिथंच उभे.

बाबूमामानं खिडकीतून डोकं काढलं. "आप्पा, येताय का? पहिला स्टॉप हाय, जागा हाय."