बाहेर आणि बाहेरून

शाळेच्या सुताराला सगळे चौकट म्हणत. कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन पाहिल्याखेरीज तो पुढच्या कामाला हात घालत नसे. ‘चालतंय की’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्याची बायको त्याच शाळेत बालवर्गाची मावशी. पोरांची नाकं पुसता पुसता ती बाकीच्या बायांना सांगे, “यांचं लग्न गुण्याशीच झालंय. मी आपली वरातीत आले होते.”

एकदा सेक्रेटरी कानाला फोन लावूनच सुतारखोलीच्या दाराशी आले. मावशी मोडकी खुर्ची घेऊन तिथंच उभी होती.

“चौकट, नवा नियम आलाय. वर्गांची दारं बाहेरून उघडली पाहिजेत. आधी बालवर्ग घ्या.”

“बाहेरून?”

“बाहेरून. कानात भुसा गेलाय का?”

ते गेले तशी मावशी म्हणाली, “अहो, बाहेरून म्हणजे? आतल्यांनी काय करायचं?”

“आतल्यांसाठी बाहेरचे उघडतील.”

“आणि बाहेर कुणी नसलं तर?”

“नियम मी केलाय का?” तो म्हणाला आणि कडी घासायला बसला.

नियमाचं म्हणणं होतं की दार बाहेरच्या बाजूला उघडावं, म्हणजे आतून लोट आला तरी अडत नाही. सेक्रेटरींच्या जिभेवर एक ‘ऊन’ जास्त आलं. चौकटने ते ऐकलं आणि बिनचूक बसवलं. दाराची फळी आतल्या बाजूलाच उघडत राहिली. आतली कडी काढून त्याने बाहेर नवी लावली. साधी नव्हे, जाड लोखंडी. लाकडात खाच पाडून, लांब स्क्रू कसून, वर तेलाचा हात. दार हलवून पाहिलं. केसभर हललं नाही.

शिपायाला कडी फार आवडली. पोरं फाटकाकडे पळायची, ते थांबलं. वर्ग भरला की तो कडी सरकवून मोकळा.

मग शेजारच्या अडगळीच्या खोलीत वायर जळली आणि जुन्या गाद्यांनी पेट घेतला. धूर भिंतीवरच्या झरोक्यातून बालवर्गात शिरला. शिपाई फाटकावर होता. मावशीने दाराची मूठ धरून ओढलं. पाय चौकटीला लावून ओढलं. मूठ निघाली नाही, कडी वाकली नाही. काम चोख होतं. शेवटी तिने हाताने खिडकीची काच फोडली आणि एकेक पोर बाहेर उतरवलं. सगळी वाचली. तिच्या उजव्या हाताची शीर कापली गेली. त्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत.

चौकशी झाली. सेक्रेटरी म्हणाले, “मी ‘बाहेर’ म्हणालो होतो. याने ‘बाहेरून’ ऐकलं.”

मावशी म्हणाली, “बाहेरूनच म्हणालात. मी तिथंच होते.”

“नवऱ्याची बाजू बायको घेणारच,” ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. चूक चौकटच्या नावावर बसली, त्याच्या कडीसारखीच घट्ट.

घरी तो म्हणाला, “तू तरी ऐकलं होतंस.”

“ऐकलं होतं. विचारलंही होतं. तुम्ही कडी घासत होता.”

तिला भाकर मोडता येईना. त्याने तुकडे करून ताटात ठेवले. तिने डाव्या हाताने खाल्ले आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

दारं बाहेरच्या बाजूला उघडतील अशी फिरवायचं काम त्यालाच दिलं. सेक्रेटरी जाता जाता म्हणाले, “लवकर उरका. तपासणीला माणसं यायची आहेत. आणि या वेळी नीट ऐका.”

आधी कडी काढायची होती. आगीच्या वेळी पाणी मारलं होतं, त्याने स्क्रू गंजून लाकडात रुतले होते. पेचकसाने डोकी झिजली, पण फिरली नाहीत. त्याने पकड लावली, पाय चौकटीला टेकला आणि ओढलं. घाम डोळ्यांत उतरला. शर्ट पाठीला चिकटला. कडी जागची हलेना.

मावशी व्हरांड्यात बाकावर बसून होती, दुखरा हात मांडीवर ठेवून. बराच वेळ ती पाहत राहिली.

“मीही अशीच ओढत होते,” ती म्हणाली.

त्याने पकड खाली ठेवली नाही.